पोत्याच्या जागी

ऊर्जानगर,
१८ नोव्हेंबर २०२४

ज्योत्स्नाताई,

पत्र पाहून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. माझा फोन गेलाय, आणि तोही चोरीला नाही. घरातच आहे, पण त्याला आता फोन म्हणायचं नाही. तो गॉगलात राहतो.

नीट सांगते. तुमच्या लाडक्या जावयानं क्वार्टरच्या मागच्या अंगणात शंकरपट उभा केलाय. बैल नाहीत, धाव नाही, नुसती छकडी. ती मोटारसायकलच्या शॉकअपवर बसवली आहे, खाली भंगारातल्या ट्रकच्या वायपरच्या दोन मोटारी, समोर कूलरचा मोठा पंखा. डोळ्यांवर गॉगल बांधायचा आणि त्यात फोन सरकवायचा. मागच्या थंडीत अजयनं शर्यतीत छकडी हाकणाऱ्या एका धुरकऱ्याच्या छातीला कॅमेरा बांधून पट काढला होता ना, तोच सुरू होतो. मान वळवशील तिकडं पट दिसतो. दोन्हीकडं ओरडणारी माणसं, पुढं बैलांच्या पाठी. चित्रात छकडी उसळली की खालून खराखुरा धक्का बसतो. अजय पंख्यासमोर मूठ मूठ कोंडा सोडतो, म्हणजे तोंडावर धूळही येते. सगळ्यांत चांगला स्क्रीन माझ्याच फोनचा निघाला, म्हणून तो गेला.

जानेवारीत नागभीडकडच्या पटात हे न्यायचं आणि लोकांना बसवायचं असा बेत आहे. तोवर रोज तपासणी. अजयला स्विचजवळ उभं राहावं लागतं, म्हणून बसायला दुसरं कुणी पाहिजे. आधी तांदळाचं पोतं बांधून पाहिलं. मग मला म्हणाला, "पोतं बोलत नाई व. तू धक्का कुठी जास्त लागते ते सांगशील तरी." तेव्हापासून मी पोत्याच्या जागी. पट्ट्यानं बांधून बसवतो. त्याचे मित्र आले की विचारतात, "भाऊ, पोतं तयार हाय का?" सगळे हसतात. मीही हसते, न हसून कुठं जाणार.

सकाळी सासूबाई पूजेला बसल्या की एक फेरी आणि तो वीजकेंद्रातल्या ड्युटीवरून आला की दुसरी. उतरल्यावर कितीतरी वेळ अंगण फिरत राहतं. या आठवड्यात तर रोज सकाळी मोरीत उलटी. काल सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. लग्नाला चार वर्षं झाली, त्या मला पाहून काही बोलल्या नाहीत असं पहिल्यांदाच झालं.

आईला सांग, मजेत आहे.

तुझी,
मयुरी

---

अहेरी,
२६ नोव्हेंबर

मयुरी,

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं आणि मोठ्यानं हसले, साहेबानं मान वर करून पाहिलं. अगं बावळट, चार वर्षांनी सकाळी मोरीत उलटी होते आणि तू वायपरच्या मोटारीला दोष देतेस? पाळी कधी आली होती ते आठव. तुझी सासू दारात उभी राहून बघते आणि तोंड उघडत नाही, याचा अर्थ तिला तुझ्याआधी कळलंय.

आईला सांगितलं. सांगायला नको होतं, हे नंतर लक्षात आलं. तिनं बाजाराच्या दिवशी अर्ध्या अहेरीला सांगितलं आणि उरलेल्या अर्ध्यांना दुसऱ्या दिवशी घरी जाऊन सांगितलं. गुडघे धरून चालणारी बाई, पण त्या दिवशी कुठून पाय आले कोण जाणे.

त्या गाड्यावर आता बसायचं नाही. नवरा ऐकत नसेल तर मला कळव, मी त्याला पोत्यात घालते.

ज्योत्स्ना

---

ऊर्जानगर,
५ डिसेंबर

ताई,

तू म्हणतेस तसंच असेल का गं? माझी पाळी कशी आहे तुला ठाऊक आहे, दोन-दोन महिने तोंड दाखवत नाही. त्यामुळं तिचा भरवसा नाही. पण पोट जड वाटतं. रात्री सगळे झोपले की मी त्यावर हात ठेवून पडते. खूप भीती वाटते आणि खूप आनंदही होतो.

इथलं घरच बदललंय. सासूबाईंनी माझ्या हातातून बादली काढून घेतली. "मयुरी, तू नको उचलू आता. अजयले सांग, त्याले हात हायेत." तू म्हणालीस तसं त्यांनी आधीच ओळखलं होतं. परवा मरळ आणली तर डोक्याचा तुकडा माझ्या ताटात वाढला. या घरात तो तुकडा अजयचा असतो. दुपारी मला झोपू देतात. आणि घड्याळामागं त्या नागभीडच्या पोरीचा फोटो ठेवलेला होता ना, 'अजयसाठी दुसरी पाहून ठेवू, काही सांगता येत नाही' म्हणून, तो काल पुसायला गेले तर तिथं नाही.

अजयला कळलं तेव्हा तो पहिलं वाक्य काय म्हणाला सांगू? "म्हणजे मशीन बराबर हाय. उलटी माह्या मशीनची नव्हती." आणि मग मिठी मारली. अशा क्रमानं.

सासूबाईंनी मला बसवायला बंदी केली आहे. पण त्या भजनाला गेल्या की तो म्हणतो, हळू चालवतो, पाचच मिनिटं. मी बसते. दवाखान्यात एवढ्यात जायचं नाही असंही त्यांनी सांगितलंय. "तीन महिने कोणाची नजर नको." तिसऱ्या महिन्यात घरातल्या बायकांपुरती चोरओटी भरायची, मग डॉक्टर.

आईच्या गुडघ्यांना तेल लाव.

मयुरी

---

अहेरी,
१४ डिसेंबर

मयुरी,

सासूचे तीन महिने सासूजवळ राहू देत. पाकिटात कापसात गुंडाळून किट पाठवलंय. दोन रेघा आल्या की मला कळव, आणि एकाही माणसाला दाखवू नकोस. दुकानदार माझ्याकडं असं पाहत होता जणू मलाच दिवस गेलेत. अहेरीत आता बातमी फिरू दे, माझं काय जातंय, नवरा सोडून सहा वर्षं झाली.

आईनं दुपटी शिवायला काढली आहेत. माझं लग्नातलं पातळ फाडलं. मला विचारलंसुद्धा नाही.

ज्योत्स्ना

---

ऊर्जानगर,
२४ डिसेंबर

ताई,

एकच रेघ आली.

मी ती उजेडात नेऊन पाहिली, वाकडी धरून पाहिली. नंतर किट फडक्यात बांधून कचऱ्याच्या गाडीत टाकलं. मग मोरीत नळ सोडून रडले.

पुढचं ऐक आणि मला शिव्या दे. त्याच आठवड्यात अजयनं चूक शोधून काढली. आधी चित्र पुढं पळायचं आणि धक्का मागून यायचा, म्हणून पोटात ढवळायचं. त्यानं काहीतरी नवी पट्टी बसवली आणि दोन्ही एकदम यायला लागलं. उतरले तर अंगण जागच्या जागी. उलटी नाही, मळमळ नाही. तो नाचला. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "काऊन व, आज उलटी नाई झाली?" तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. चौथ्या दिवशी बादली भरून मोरीच्या दारात ठेवली आणि माझ्याकडं पाहिलं. मी उचलली.

ताई, मला ती बादली परत नको होती. मोटारीच्या पुलीला एक स्क्रू आहे. तो मी रोज सकाळी थोडा ढिला करते आणि नंतर आवळून ठेवते. पट्टा घसरतो, धक्का मागून येतो. मग सासूबाई पूजेला बसल्या की मी स्वतः अजयला म्हणते, चला, बसते मी. तो खूश. "पोतं सोताहून आलं," म्हणतो. सकाळी मोरीत उलटी होते. सासूबाई आल्याचा तुकडा आणून देतात आणि पाठीवरून हात फिरवतात. तो हात किती मऊ आहे ते मला चार वर्षांत कळलं नव्हतं.

चोरओटी संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी ठरली आहे. त्यानंतर डॉक्टर. मी काय करू? तुझ्याकडं येऊ का?

मयुरी

---

अहेरी,
३ जानेवारी २०२५

मयुरी,

शिव्या देऊन झाल्या, तू ऐकल्या नाहीस एवढंच. आता कामाचं.

इथं येऊ नकोस. आईनं सात दुपटी शिवली आहेत. तू रिकामी परत आलीस तर ती लोकांना काय सांगेल? आणि तुला काय वाटतं, खरं सांगितलंस तर तुझी सासू पाठीवर हात फिरवेल? फोटो घड्याळामागं परत येईल, आणि यावेळी फोटोबरोबर पोरगीही येईल. खरं सांगायची वेळ होती ती रेघेच्या दिवशी. ती तू नळ सोडून घालवलीस.

पाळी तुझी उशिरा येते, पण येते. आली की आरडाओरड कर आणि सांग, पडलं. लोकांची रोज पडतात, त्यात नवल नाही. दवाखान्यात जायचं नाही, सासूचाच काढा प्यायचा. कशानं पडलं हे विचारतील. ते तुला शोधायला लांब जायला नको, तुझ्या अंगणातच उभं आहे.

माझ्या मनाला हे लिहिताना काही होत नाही असं समजू नकोस. पण थोडंच होतं.

ज्योत्स्ना

---

ऊर्जानगर,
२२ जानेवारी

ताई,

झालं.

आधी पट. मशीन टेम्पोत घालून अजय गेला, सासूबाईंनाही घेऊन गेला, आणि मला एकटीला कुठं ठेवायचं म्हणून मलाही. जायच्या आदल्या दिवशी सकाळी मी स्क्रू ढिला केला होता, रोजच्यासारखा. परत आवळायचा राहिला. आता विचारशील, राहिला की ठेवला? मला सांगता येत नाही.

पटात रांग लागली. पहिला बसला तो गावच्या पाटलाचा जावई, पांढऱ्या कपड्यांत. उतरला आणि तिथंच भडभडून ओकला. दुसरा ओकला. तिसरा बसायच्या आधीच रांगेतला एकजण ओरडला, "शंकरपट नाई बे, हा उलटीपट हाय." तेच नाव पडलं. खरा पट सोडून पोरं बघायला आली. अजय छकडीला धरून उभा होता, आणि त्याच्या अंगावर सगळा कोंडा उडालेला. मला वाईट वाटलं, ताई. बरंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटतं हे मला आधी ठाऊक नव्हतं.

परत आल्यावर दोन दिवस त्यानं मशीनला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाई चोरओटीचं सामान आणायला गेल्या. त्यानं मला बांधलं. म्हणाला, "काय चुकते ते आज पाहूनच उठायचं." मी म्हटलं, माझ्या पोटात आहे. म्हणाला, "चूपचाप बस." पंखा पूर्ण सोडला. मी थांब म्हणत होते. ओकले तेही त्यानं पुसलं नाही, आकडे लिहीत राहिला. दिवे लागणीला सोडलं.

गुरुवारी पाळी आली.

मला रडायचं नाटक करायचं होतं. करावं लागलं नाही. ताई, मला ठाऊक होतं तिथं काही नव्हतं, तरी मी त्या नसलेल्यासाठी रडले. सासूबाईंनी कपडे पाहिले, मला कुशीत घेतलं आणि अजयला म्हणाल्या, "तुनं मारलं त्याले. खेळण्यापायी आपल्याच लेकराले मारलं." त्यानं अंगणात जाऊन गॉगल सोडला, माझा फोन काढला, पुसून माझ्या उशाशी आणून ठेवला. मग पान्हा घेऊन मशीन खोलत बसला. सकाळपर्यंत तिथं नुसती चार भोकं राहिली होती.

हे फोनवर सांगता येत नाही, भिंती पातळ आहेत.

मयुरी

---

ऊर्जानगर,
५ फेब्रुवारी

आदरणीय ज्योत्स्नाताई यांस,

अजयचा नमस्कार. तुम्हाला फोन लावतो आणि वाजायच्या आत ठेवून देतो, म्हणून लिहितो. मी आयुष्यात पत्र लिहिलेलं नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्हाला सगळं मयुरीनं सांगितलंच असेल. ती नेहमीसारखं ताट वाढते, कपडे धुते. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. त्या दिवशी ती थांब म्हणत होती. मी आईला सांगितलं की पंख्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. ताई, मला ऐकू आलं होतं.

आईला विचारलं, त्याचं काही करावं लागतं का. ती म्हणते, "एवढुश्याचं काई नसते." पण मला काहीतरी केल्याशिवाय झोप येत नाही. ड्युटीवर पंखे सुरू झाले की मी बाहेर जाऊन उभा राहतो. असं ऐकलं आहे की लेकराच्या मामाकडची जी रीत असेल ती बापानं पाळली तर चालतं. मयुरीला भाऊ नाही, म्हणून तुम्हाला विचारतो. तुमच्याकडं काय करतात? जे असेल ते सांगा, मी करीन.

आईंना माझा नमस्कार सांगायची हिंमत नाही.

आपला,
अजय

---

अहेरी,
१२ फेब्रुवारी

जावईबापू अजयराव यांस,

पत्र मिळालं. विचारलंत हे चांगलं केलंत. हल्ली कुणी विचारत नाही.

आमच्याकडं रीत आहे. कडक आहे, म्हणून आजकाल कुणी बोलून दाखवत नाही. ज्याच्या हातून लेकरू जातं त्या बापानं वर्षभर चाकावर बसायचं नाही. मोटारसायकल नाही, कंपनीची बस नाही, रेल्वे नाही. कुठंही जायचं तर पायी. आणि वर्षभर पंख्याखाली झोपायचं नाही. वारा घ्यायचा नाही, आला तर आला. हे बायकोला किंवा आईला पाळावं लागत नाही, फक्त बापाला. मधे एकदा जरी मोडलं तरी पहिल्यापासून मोजायचं. कारण विचारलं तर जेवढ्यास तेवढं सांगायचं.

जमेल का तुम्हाला? नसेल जमत तर राहू द्या, जबरदस्ती नाही. त्याला काय कळणार आहे.

आईचा तुम्हाला आशीर्वाद.

ज्योत्स्ना

---

ऊर्जानगर,
१६ जुलै

ताई,

ही रीत काढताना तू मला विचारलं नव्हतंस. त्यानं तुझं पत्र देवाजवळ ठेवलं तेव्हा मी ते वाचलं आणि परत होतं तसं ठेवून दिलं. म्हणजे त्यात माझाही हात आला.

तो पाळतो आहे. सगळं पाळतो आहे. पहाटे उठून प्लांटला पायी जातो, शेजारून कंपनीची बस जाते, आतली माणसं आधी हात करायची, आता करत नाहीत. मे महिन्यात इथं काय होतं तुला माहीत आहे. आम्ही दोघी कूलर लावून आत, तो बाहेर फरशीवर पाणी शिंपून. अंगावर घामोळं फुटून त्याच्या जखमा झाल्या. सासूबाई त्याच्यापुढं हात जोडून बसल्या. मला म्हणाल्या, "तुह्या माहेरचा हा कायचा रिवाज हाय व? जीव घेते का पोराचा?" मी म्हटलं, आमच्याकडं तसंच आहे.

मे संपता संपता नागभीडचे मामा वारले, सासूबाईंचे सख्खे भाऊ. ह्याला त्यांनीच खांद्यावर खेळवलेलं. आम्ही दोघी रेल्वेनं गेलो. तो चालत निघाला, सिंदेवाहीच्या जंगलातून, जिथून दिवसासुद्धा माणसं घोळक्यानं जातात. तिसऱ्या दिवशी पोचला. राखही सावडून झाली होती. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. तो कुणालाच काही म्हणाला नाही, 'जेवढ्यास तेवढं' असं तू लिहिलं होतंस ना.

तो मला आता पोतं म्हणत नाही. आल्यावर मी त्याला मीठ घालून गरम पाणी देते. टाचा फाटल्या आहेत. तो पाय पाण्यात सोडतो तेव्हा मी रोज बघते की मला दया येते का. बरेच दिवस नव्हती येत. परवा आली. खरंच आली, ताई. मी मनाशी ठरवलं की त्याला सांगून टाकायचं, काहीच नव्हतं रे तिथं, ऊठ, पंखा लाव. तोंड उघडलंही होतं.

त्याच्या आधी तोच बोलला. म्हणाला, "मयुरी, मशीन म्या फेकलं नाई. सारं खाटंखाली बांधून ठेवलं हाय. चुकी सापडली मले. पुलीचा स्क्रू ढिल्ला झाला होता, धक्क्यानं. साधी गोष्ट व. वरीस सरू दे, मंग पुन्हा बांधतो. या बारीनं हळू चालवीन, तुह्या अंगाले लागू देणार नाई." आणि हसला. इतक्या महिन्यांनी तो हसला, आणि चांगला हसला. "बसशील ना? तू बसली की बराबर समजते मले."

मी टॉवेल दिला.

अजून सात महिने आहेत. ताई, तू वर्ष लिहिलंस. दोन लिहायला हवी होतीस.

मयुरी